शून्य लिहिण्याचा प्रामाणिकपणा



पावसाळा सरला की ठाण्याच्या खाडीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरू लागतात. या खाडीचा काही भाग २०१५ साली अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली तिला रामसर यादीत स्थान मिळाले. कल्याण-डोंबिवलीच्या खाडीकाठी आणि आसपासच्या गावांतील भातखाचरांतही थंडीत धोबी, तुतारी, शेकाटे दिसतात. हे पक्षी मोजण्यासाठी काही माणसे सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून जातात. भारतात १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. मोजणारे बहुतेक जण स्वयंसेवक असतात. त्यांना ना पगार, ना भत्ता.

या कामात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. चिखलात दूरवर बसलेला थवा किती पक्ष्यांचा होता, हे नंतर कोण तपासणार? पद्धत अशी की आधी दहा पक्षी मोजायचे, तेवढ्यांनी किती जागा व्यापली ते नजरेत धरायचे आणि त्या मापाने सारा थवा मोजायचा. तेवढ्यात थवा उडाला तर पुरावाही उडाला. मागे राहतो तो केवळ मोजणाऱ्याचा शब्द.

म्हणूनच येथे मोह फार. शेजारच्या गटाने दुर्मीळ पक्षी पाहिला, मग आपणही अर्धवट दिसलेल्या पक्ष्याला तेच नाव देऊन टाकावे, असे वाटते. कावळे, साळुंक्या रोजच्याच, त्या कशाला मोजायच्या, असेही वाटते. आणि दोन तास उभे राहून काहीच दिसले नाही, तर कागद कोरा ठेवून घरी जावेसे वाटते.

पण कोरा कागद आणि शून्य यांत मोठा फरक आहे. कोरा कागद सांगतो, येथे कोणी आले नाही. शून्य सांगते, मी आलो, पाहिले आणि पक्षी नव्हते.

नेहमीचे पक्षी मोजण्याचे मोल गिधाडांनी आपल्याला शिकवले. एके काळी गिधाडे इतकी होती की त्यांच्याकडे कोणी वळून पाहत नसे. पण राजस्थानातील भरतपूर येथे डॉ. विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात त्यांची घरटी मोजून ठेवली होती. नव्वदीत पुन्हा मोजणी केली, तेव्हा संख्या झपाट्याने घटल्याचे दिसले. पुढे शोध लागला की गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांना मारत होते. २००६ साली भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. आधीची मोजणी नसती, तर किती गेली हे कशाच्या आधारे सांगता आले असते?

कोणी म्हणेल, मोजल्याने पक्षी वाचतो का? नाही वाचत. भरतपूरची मोजणी झाली तरी गिधाडे मेलीच. पण खरी नोंद नसेल तर वाचवू पाहणारा अंधारात चाचपडतो आणि खोटी नोंद असेल तर तो भलत्याच वाटेला लागतो. खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा आपण न्यायालयापुरती समजतो. वहीतला आकडाही साक्षच आहे. ती आपण अशा माणसासाठी देतो, जो वीस वर्षांनी ती वही उघडेल आणि ज्याला आपण कधीच भेटणार नाही. त्याला आपली परीक्षा घेता येणार नाही. आपल्यावर विश्वास ठेवण्यावाचून त्याच्यापुढे मार्ग नाही. जो आपल्याला पकडू शकत नाही त्याच्याशीही खरे वागणे, यातच प्रामाणिकपणाची कसोटी आहे.

येत्या जानेवारीत आपल्यापैकी कोणी मुलांना घेऊन गणनेला गेले, तर त्यांना पक्ष्यांची नावे जरूर शिकवावीत. त्याआधी दोन गोष्टी शिकवाव्यात. ओळख पटली नाही तर ‘ओळखता आला नाही’ असे लिहावे. आणि काही दिसले नाही तर न लाजता शून्य लिहावे.