आंधळ्याचा संजय



वृद्ध माणसाची दृष्टी गेली तर त्याला घरीच ठेवावे की वृद्धाश्रमात, असे हल्ली कीर्तन आटोपल्यावर पुष्कळ जण विचारतात. सातारा-सांगलीकडच्या गावांतली मुले नोकरीसाठी पुण्या-मुंबईस, आणि मागे घरात एकटे म्हातारपण. तेव्हा प्रश्न खोटा नाही.

प्रथम दृष्टी कशाने गेली ते पाहावे. मिरजेस डॉक्टर वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय काढले, तेव्हापासून मोतीबिंदूची शस्त्रक्रिया कृष्णाकाठी नवलाची राहिलेली नाही. आज ती सरकारी रुग्णालयात विनामूल्य होते आणि बहुधा दिसू लागते. काचबिंदूने गेलेली दृष्टी मात्र परत येत नाही. उरलेली तेवढी औषधाने राखता येते. न दाखविताच ‘प्रारब्ध’ म्हणून बसणे हा वेदान्त नव्हे, आळस आहे.

बरे, उपाय नाहीच असे ठरले. मग काय? महाभारतात धृतराष्ट्राजवळ दोघे होते. गांधारीने प्रेमाने आपलेही डोळे बांधले. पण त्याने घरात एकाचे दोन आंधळे झाले. संजयाने आपले डोळे उघडे ठेवले आणि दिसले ते सांगितले. पुत्र पडल्याचे वर्तमानही लपविले नाही. राजाने ऐकून काय करावे, हे राजाकडे राहिले. आंधळ्याची सेवा ती हीच: खरे सांगावे, आणि निर्णय त्याचा त्याला करू द्यावा.

हे मी कोणत्या तोंडाने सांगतो, तेही ऐका. वाळवे तालुक्यातले एक ऐंशीचे वारकरी, काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. मुलांनी शहरातल्या एका आश्रमात जागा ठरविली आणि मला म्हणाले, “बुवा, तुमचा शब्द ते मोडणार नाहीत. चार दिवस हवापालटाला जायचंय, एवढंच सांगा.” मी सांगितले. दोन महिन्यांनी भेटीस गेलो, तर माझा आवाज ओळखून म्हणाले, “म्हाराज, डोळं गेलं तवा एवढं वाईट वाटलं न्हाई. तुमचा शब्द म्हंजी माझा डोळा हुता. नुसतं इचारलं असतं, तर जातो म्हनलो असतो की!”

आता कोणी म्हणेल, शेवटी गेलेच ना ते? मग खोट्याने काय बिघडले? बिघडले ते हे, की त्यांचा होकार आपण चोरला. डोळे गेले म्हणजे मत गेले असे होत नाही. विदर्भातले प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टी तान्हेपणीच गेली, तरी दुसऱ्यांकडून लिहवून त्यांनी शंभरावर ग्रंथ केले. त्यांना कोणी बुद्धीने आंधळे म्हणेल काय?

म्हणून घरी ठेवा की आश्रमात, आधी विचारा. मुंबईत १९५२ साली स्थापन झालेल्या नॅब या अंधांच्या संस्थेने खंडाळ्याच्या घाटमाथ्यावर वृद्ध अंधांसाठी खास निवास काढला. अशा ठिकाणी राहणे म्हणजे काही वनवास नव्हे. घरी ठेवाल तर खाट, तांब्या, काठी यांची जागा न सांगता हलवू नका. खाटेपासून मोरीपर्यंत दोरी बांधा. जवळ येताना नाव सांगा, उठून जाताना ‘जातो’ म्हणा; नाहीतर बिचारा रिकाम्या खोलीशी बोलत बसतो. हाताला धरून ओढू नका, आपले कोपर धरू द्या. कागदावर अंगठा घेण्याआधी तो सबंध वाचून दाखवा. मुले सांभाळीत नसतील, तर २००७ च्या कायद्याने साठीपुढच्या आईबापांना प्रांताकडे पोटगीसाठी दाद मागता येते, हेही त्यांना सांगा. ते ऐकायला आपल्याला कडू लागेल. पण संजयाला कडू सांगावेच लागते.

पुंडलिकाने आईबापांसाठी देवाला विटेवर थांबविले. आपल्याला त्यांना एक प्रश्न विचारण्यापुरते थांबवत नाही!

असो. मी त्या वृद्धांची क्षमा मागितली, मुलांना बोलावून त्यांच्यासमोर पुन्हा विचारले. ते आश्रमातच राहिले. मात्र दरसाल लोणंदला माउलींच्या पालखीच्या दर्शनास न्यायचे, ही अट त्यांनी घातली. ती अट आता माझ्याकडे आहे.

रामकृष्ण हरि.