चिठ्ठीखालचे नाव

स्नेह्याच्या लेखनातील दोष त्याला सांगावा काय, आणि सांगायचाच तर तो स्वतःच्या नावानिशी सांगावा की नाव झाकून, हा प्रश्न वरवर पाहता साहित्याचा वाटतो. पण थोडा विचार केला की तो नीतीचा आहे हे ध्यानात येते. शासकीय सेवेतून निवृत्त झाल्यावर एका साध्या खेळाच्या निमित्ताने हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला आणि त्याचे उत्तर शोधताना मला स्वतःकडेच बोट दाखवावे लागले. त्या अनुभवाची ही नोंद वाचकांपुढे ठेवीत आहे.

आमच्या बऱ्हाणपूरचा इतिहास वाचकांना नव्याने सांगण्याचे कारण नाही. उदगीरच्या लढाईनंतर, १७६० मध्ये, हे शहर पेशव्यांकडे आले. त्या काळी आणि त्यानंतरही निरनिराळ्या निमित्तांनी आलेली मराठी कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. १९५६ पूर्वीच्या ज्या राज्यात आपला निमाड होता, तेथे हिंदीच्या जोडीने मराठीलाही राज्यकारभारात स्थान होते. राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपण नव्या मध्य प्रदेशात राहिलो. परिणामी माझ्या पिढीची शाळा हिंदीत झाली आणि कचेरीही हिंदीत झाली. तीन दशकांहून अधिक काळ मी नस्तीवर टिपा लिहिल्या त्या साऱ्या हिंदीत. मराठी उरली ती स्वयंपाकघरात, देवघरात आणि लग्नपत्रिकेवर. बोलणारे पुष्कळ, वाचणारे थोडे आणि लिहिणारे बोटांवर मोजण्याइतके, अशी आपली अवस्था आहे.

ही उणीव थोडी तरी भरून निघावी म्हणून राजपुऱ्यातील आम्ही काही कुटुंबांनी एक खेळ सुरू केला. महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी कोणा एकाच्या घरी जमायचे. आधीच्या बैठकीत एक विषय ठरलेला असे. 'दार', 'उधारी', 'पहिला पाऊस' अशासारखा. प्रत्येकाने त्यावर पानभर मजकूर लिहून आणायचा, पण त्यावर नाव घालायचे नाही. हस्ताक्षर ओळखू येते म्हणून एका घरची कॉलेजात जाणारी नात सारे कागद संगणकावर उतरवून देई. मग एकाने ते मोठ्याने वाचायचे, ऐकणाऱ्यांनी आपले मत चिठ्ठीवर लिहून पोह्यांच्या रिकाम्या डब्यात टाकायचे, चिठ्ठ्या वाचून दाखवायच्या आणि शेवटी लेखक कोण ते ओळखायचे. नाव उघड झाले की हशा पिके आणि चहा येई.

चिठ्ठीवरही नाव असू नये, हा नियम माझा. अधिकारीपणाची सवय लवकर सुटत नाही. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर नाव नसते, गोपनीय अहवाल गोपनीय असतो, म्हणून मत निःपक्षपाती राहते, असे मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले. सर्वांना ते पटले. आपण एकमेकांचे सोयरेधायरे; उद्या एकमेकांच्या पंक्तीला बसायचे. तोंडावर दोष कोण काढणार?

तिसऱ्या बैठकीचा विषय 'पहिला पाऊस' हा होता. एका कागदात लहानपणच्या गळक्या घराचे वर्णन होते. रात्रभर जागून भांडी मांडणारी आई आणि भांड्याभांड्यांतून निघणारे निरनिराळे आवाज. मजकूर चांगला होता. पण त्यात 'पाऊस पडून राहिला होता', 'आई जागून राहिली होती' अशी वाक्ये वारंवार येत होती. ही आपल्याकडची आणि नागपूरकडची सर्रास बोलण्याची रीत. हिंदीच्या सहवासातून आलेली असावी. पुण्यामुंबईची नियतकालिके वाचून माझा कान तयार झालेला, निदान तसा माझा समज. मी चिठ्ठीवर लिहिले, 'हे मराठी नव्हे, हिंदीचे भाषांतर आहे. लेखकाने आधी भाषा शिकावी.' चिठ्ठी वाचली गेली. क्षणभर सारे गप्प झाले. मग नाव उघड झाले. तो कागद माझ्या एका दिवंगत ज्येष्ठ स्नेह्याच्या पत्नीचा, सत्तरी ओलांडलेल्या वहिनींचा होता. पत्रांपलीकडे मराठीत त्यांनी काही लिहिण्याची ती पहिलीच वेळ.

वहिनी हसल्या, चहा घेतला आणि घरी गेल्या. पुढच्या बैठकीला त्या आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. गुडघे दुखतात, असा निरोप आला. चिठ्ठी कोणाची याची चर्चा झाली, तेव्हा मीही इतरांबरोबर 'कोणी लिहिली असेल बरे' असे म्हटले. हे वाक्य लिहिताना आजही हात अडखळतो. चिठ्ठी लिहिली तो माझा अविचार होता. हे वाक्य उच्चारले तो माझा खोटेपणा होता.

दोन-अडीच महिन्यांनी मन राहवेना, तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो आणि ती चिठ्ठी माझी होती असे सांगितले. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भाऊजी, चिठ्ठीचं मला तेवढं वाईट नाही वाटलं. पण ती कोणाची ते माहीत नव्हतं ना. म्हणून मी सगळ्यांच्याच तोंडाकडे पाहून राहिली होती."

या एका वाक्याने माझा नियम कोलमडला. नाव झाकल्याने कोणी दुखावणार नाही, असे मी मानले होते. प्रत्यक्षात एका माणसाचा राग यायचा, त्याऐवजी वहिनींच्या मनात साऱ्या मंडळीविषयी संशय उभा राहिला. दळणाला जाताना भेटणारी शेजारीण, मुलीसारखी वाटणारी सून, भाजीच्या गाडीशी थांबून ख्यालीखुशाली विचारणारा गृहस्थ, यांपैकी कोणीही ती चिठ्ठी लिहिलेली असू शकत होती. शिवाय उलट विचारण्याची सोयच नव्हती. 'मग कसे लिहू?' हा प्रश्न त्यांच्या मनात होता, पण तो विचारायचा कोणाला?

येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. लेखकाचे नाव झाकणे आणि टीकाकाराचे नाव झाकणे या दोन्ही क्रिया दिसायला सारख्या असल्या तरी नैतिकदृष्ट्या त्या परस्परविरुद्ध आहेत.

लेखकाचे नाव झाकण्यात न्याय आहे, कारण नाव ऐकले की आपला कान बदलतो. हे पूर्वसूरींनीही जाणले होते. सुमारे अकराशे वर्षांपूर्वीचा राजशेखर हा आपल्यासारखाच घर सोडून उत्तरेत स्थिरावलेल्या वंशातला म्हणावा लागेल. त्याच्या पणजोबांचा उल्लेख 'महाराष्ट्रचूडामणी' असा होतो आणि तो स्वतः कनौजच्या व पुढे जबलपूरजवळच्या त्रिपुरीच्या दरबारात वावरला. 'काव्यमीमांसा' या ग्रंथात त्याने कवीची दिनचर्या सांगितली आहे. दुपारच्या भोजनानंतर काव्यगोष्ठी भरवावी, समस्यापूर्तीसारखे खेळ खेळावेत आणि दिवसाच्या चौथ्या प्रहरी सकाळी लिहिलेल्या मजकुराची एकट्याने किंवा मोजक्या मंडळींत परीक्षा करावी. रचनेच्या भरात विवेकाची नजर चालत नाही, असे कारण तो देतो. स्वतःच्या कृतीविषयीच्या पक्षपाताने गुणदोषांची उलटापालट होते, म्हणून ती दुसऱ्यांकडूनही तपासून घ्यावी. तटस्थाला जे दिसते ते करणाऱ्याला दिसत नाही, असेही त्याचे सांगणे आहे. रसिकांचे त्याने चार प्रकार सांगितले आहेत. काहीच न रुचणारा अरोचकी, गवतासकट सारे गिळणारा सतृणाभ्यवहारी, गुण दिसूनही न सांगणारा मत्सरी आणि तत्त्वापर्यंत पोहोचणारा दुर्मीळ तत्त्वाभिनिवेशी. त्याच ग्रंथात तो आपली पत्नी अवंतिसुंदरी हिची मतेही नाव घेऊन देतो.

नुसत्या मैत्रीवर भागत नाही, हेही खरे. पुण्यात १९२३ मध्ये माधव जूलियन, यशवंत, गिरीश आदी कवींनी रविकिरण मंडळ स्थापले. रविवारी चहाला जमून कविता वाचायच्या, बोलायचे, अशी ती मित्रमंडळी. त्यांनी मराठी कवितेला पुष्कळ दिले. पण आपसांतील कौतुकाचा आरोपही त्यांच्यावर झाला आणि अत्र्यांनी 'झेंडूची फुले'मधील विडंबनांत त्यांना सोडले नाही. मित्राचे नाव आधी कळले की मित्राचा दोष दिसत नाही. म्हणून लेखकाचे नाव चर्चा संपेपर्यंत झाकलेले असणे योग्यच.

परंतु टीकाकाराचे नाव झाकले की न्यायाऐवजी पळवाट निर्माण होते. याचा दाखला मला माझ्याच सेवेतून घेता आला असता. हाताखालच्या माणसांचे गोपनीय अहवाल मी वर्षानुवर्षे लिहिले. त्यातील प्रतिकूल शेरा संबंधिताला कळवावा, हा नियम जुना होता. पण मे २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देवदत्त यांच्या प्रकरणात त्यापुढे जाऊन सांगितले की, शेरा प्रतिकूल असो वा अनुकूल, प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळली पाहिजे, म्हणजे त्याला तिच्याविरुद्ध म्हणणे मांडता येईल. तेव्हा आमच्यापैकी अनेकांनी कुरकूर केली, मीही केली. आज वाटते, त्या निर्णयामागचा विचार साधा होता. ज्याच्याविषयी मत दिले त्याला उत्तर देण्याचा अधिकार आहे. आणि लक्षात घ्यावे की, त्या गोपनीय अहवालाखालीसुद्धा लिहिणाऱ्याची सही असे. माझ्या चिठ्ठीखाली तीही नव्हती.

यावर आक्षेप घेता येईल, आणि आमच्या मंडळीत तो घेतलाही गेला. नाव घालायचे म्हटले की सारे 'छान, छान' म्हणतील. खोट्या स्तुतीचा बाजार भरेल. आक्षेपात तथ्य आहे. खोटी स्तुती ही सौम्य क्रूरताच असते. समोरच्याला सुधारणे जमणार नाही, असे त्यात आपण मनोमन ठरवून टाकलेले असते. पण यावरचा उपाय नाव झाकणे हा नाही. दोष सांगण्याची रीत शिकणे हा आहे. स्वतःच्या सहीखाली जे वाक्य लिहिण्याचे धैर्य होत नाही, त्याबाबत दोन शक्यता असतात. एक तर ते खरे असते आणि आपण भित्रे असतो. नाही तर ते खरे नसते आणि आपल्याला ते आतून ठाऊक असते. सही करण्याची वेळ आली की यांतले कोणते, ते लिहिणाऱ्याला तरी कळते.

माझी चिठ्ठी दुसऱ्या जातीची होती. वहिनींच्या मजकुरात खरा दोष होता. शेवट फार लांबला होता. तो मला दिसला होता, पण मी तो सांगितला नाही. मी सांगितली ती त्यांच्या बोलीची खूण. दोष आणि खूण यांत फरक आहे. दोष दुरुस्त करता येतो. खूण माणूस कुठला ते सांगते. आपल्याच रेल्वेमार्गावरच्या जळगावजवळील आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली, ती त्यांच्या खानदेशी बोलीतच. आणि मराठीने ती डोक्यावर घेतली. भाषाशुद्धीचा आग्रह वाईट असतो असे नव्हे. माधव जूलियन हे फारसीचे प्राध्यापक. त्यांच्या आरंभीच्या कवितेत फारसी शब्दांची रेलचेल होती. पुढे त्यांनी 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला, तेव्हा तो आग्रह त्यांनी स्वतःच्या लेखनालाही लावला. मी तो एका वृद्ध स्त्रीच्या पहिल्या पानावर लावला, आणि तोही सही न करता. सीमेवरच्या आपल्या मराठीत लिहिणारे आधीच थोडे; त्यांतले एक कमी करून मी भाषेची कोणती सेवा केली?

आता आमच्या खेळाचे नियम बदलले आहेत. लेखकाचे नाव पूर्वीप्रमाणेच शेवटी उघडते. चिठ्ठी मात्र गेली. मत स्वतः उठून, तोंडी सांगायचे. आधी आवडलेली एक जागा आणि मग न पटलेली एक जागा दाखवायची; 'चांगले' किंवा 'वाईट' एवढेच म्हणून बसायचे नाही. लेखकाने विचारले तर उत्तर द्यायचे. बोलीवर बोलायचे नाही. अर्थ लागला नाही तर तेवढे विचारायचे. बैठका पूर्वीपेक्षा लांबतात आणि क्वचित आवाजही चढतात. पण घरी जाताना कोण काय म्हणाले ते प्रत्येकाला ठाऊक असते, आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटल्यावर त्यावर पुन्हा बोलता येते. उर्दू मुशायऱ्यांची परंपरा असलेल्या या शहरात समोरासमोर दाद देण्याघेण्याची रीत तशी नवी नाही; आम्हीच ती विसरलो होतो.

नव्या नियमांच्या पहिल्या बैठकीत मी उभा राहिलो आणि ती चिठ्ठी माझी होती, तसेच 'कोणी लिहिली असेल' असे विचारणाराही मीच होतो, हे सर्वांसमक्ष सांगितले. कोणी फारसे बोलले नाही. वहिनी त्या दिवशी आल्या नव्हत्या. त्यांनी कागद मात्र पाठवला होता, नाव न घालता. वाचन सुरू झाल्यावर दुसऱ्याच वाक्यात तो कोणाचा हे मला कळले, कारण त्यात पाऊस अजून पडून राहिला होता. माझी पाळी आली तेव्हा मी आवडलेली जागा सांगितली आणि शेवट लांबला आहे, असेही सांगितले.