पहिली मेणबत्ती सगळ्यात जास्त वितळते

आजचं वचन: याकोबाचे पत्र 5:7-8



आगमनकाळ सुरू झालाय. अमरावती-अकोल्याकडे या दिवसांत कापसाची वेचणी चालू असते, तूर फुलावर असते. आणि याकोब आपल्याला शेतकऱ्याकडेच पाहायला सांगतो: तो जशी पावसाची, पिकाची वाट पाहतो, तशी तुम्ही प्रभूची पाहा.

पण शेतकरी वाट पाहतो म्हणजे बांधावर नुसता बसतो का? नाही. डवरणी, निंदण, फवारणी चालूच असते. पाऊस त्याच्या हातात नाही, डवरणी आहे.

आगमनचक्र, म्हणजे ॲडव्हेंट रीथ, हेच शिकवतं. 1839 मध्ये हँबुर्गला योहान हिनरिक विखर्न यांनी गरीब मुलांच्या आश्रमात गाडीचं जुनं चाक टांगलं. रोज एक छोटी लाल मेणबत्ती, रविवारी मोठी पांढरी. नाताळ किती दिवसांवर आला, हे पोरांना दिसू लागलं. पुढे चार रविवारच्या चारच मेणबत्त्या राहिल्या.

घरी करायला सोपं आहे. बांबूच्या कांबीचं कडं करा, त्याला सुरूच्या हिरव्या डहाळ्या बांधा. चार पणत्यांत वाळू भरून मेणबत्त्या रोवा: तीन जांभळ्या, तिसऱ्या रविवारची गुलाबी. मध्ये पांढरी, ख्रिस्ताची, ती नाताळला. पानं सुकली की बदला, वाळलेलं पान लगेच पेट घेतं.

चौथ्या रविवारी नीट पाहा. पहिली मेणबत्ती, आशेची, सगळ्यात बुटकी झालेली असते. ती बदलू नका.

तुमच्यापैकी कुणी नोकरीची वाट पाहतोय, कुणी वडिलांच्या रिपोर्टची, कुणी रुसलेल्या भावाच्या फोनची. प्रार्थना करून करून आत काही उरलंच नाही असं वाटतं. पण वितळणं म्हणजे विझणं नव्हे. जी जास्त वितळली, तिनंच जास्त वेळ उजेड दिला. आणि दुसऱ्या रविवारपासून ती एकटीही नसते.

म्हणून या आठवड्याची डवरणी एवढीच: खूप दिवसांपासून वाट पाहणारं एक माणूस आठवा, कदाचित गावाकडची तुमची आईच, आणि फोन करा. मेसेज नको, फोन.

प्रार्थना: प्रभू, तू येईपर्यंत आम्हाला जळत ठेव, आणि दुसऱ्याच्या शेजारी ठेव. आमेन.