सेवा, संशय आणि श्रद्धेची कसोटी

उस्मानाबाद येथे जानेवारी २०२० मध्ये भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली, तेव्हा त्यांच्या लेखनापेक्षा त्यांच्या धर्मगुरुपदाची चर्चा अधिक झाली. वसईची शेती, झाडे आणि विहिरींचे पाणी बिल्डर आणि टँकरवाल्यांच्या घशात जाऊ नये म्हणून १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून उभ्या राहिलेल्या ‘हरित वसई’च्या लढ्यात हा माणूस अग्रभागी होता, ही गोष्ट त्या गदारोळात मागे पडली. एका माणसावर उठलेला हा संशय मुळात एका जुन्या आक्षेपातून येतो. ख्रिस्ती सेवा ही धर्मांतराची पूर्वतयारी असते, शाळा आणि दवाखाना ही तिची साधने असतात आणि म्हणून तिच्याकडे पाहताना हेतू आधी तपासला पाहिजे, असा तो आक्षेप आहे. गेली दीडशे वर्षे तो महाराष्ट्रात मांडला जात आहे आणि त्याला दिले जाणारे ‘सेवा निर्हेतुक असते’ हे ठरावीक उत्तर फारच दुबळे आहे.

ते दुबळे राहण्याचे एक कारण खुद्द ख्रिस्ती परंपरेत आहे. माणसाचे तारण, म्हणजे पापातून आणि मरणातून होणारी सुटका, केवळ श्रद्धेने होते, कर्माने नव्हे, हा प्रॉटेस्टंट पंथाचा मूलमंत्र आहे. कृतीवाचून श्रद्धा मृत आहे असे सांगणारे याकोबाचे पत्र मार्टिन ल्यूथरला इतके अडचणीचे वाटले, की १५२२ च्या आपल्या नव्या कराराच्या भाषांतराच्या प्रस्तावनेत त्याने त्याला गवताच्या मोलाचे ठरवले. त्याचा रोख पुण्य विकत घेण्याच्या व्यवहारावर होता हे खरे. पण त्याच्या विचाराचा सोपा केलेला अवतार आजही अनेक व्यासपीठांवरून ऐकू येतो. त्यानुसार श्रद्धा ही अंतःकरणाची अवस्था ठरते, आणि भुकेल्याला अन्न देणे ही नंतर जोडायची, चांगली पण दुय्यम गोष्ट. बाहेरचा टीकाकार आणि आतला उपदेशक यांची भाषा परस्परविरोधी असली तरी दोघांचे गृहीतक एकच आहे: श्रद्धा एकीकडे आणि कृती दुसरीकडे असते, आणि प्रश्न उरतो तो दोहोंतला संबंध फायद्याचा आहे की शोभेचा, एवढाच.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील पंचविसावा अध्याय हे गृहीतक मान्य करत नाही. तेथील अंतिम न्यायाच्या दृश्यात ज्यांना स्वीकारले जाते त्यांनी भुकेल्याला जेवू घातलेले असते, परक्याला आसरा दिलेला असतो, तुरुंगातल्या माणसाची भेट घेतलेली असते. पण आपण हे प्रभूसाठी केले याचा त्यांना पत्ताच नसतो आणि ते कळल्यावर ते चकित होतात. याचा अर्थ असा की जी कृती समोरच्याला आपल्या कळपात आणण्याच्या हिशेबाने केली जाते ती त्या दृश्यातल्या कसोटीलाच उतरत नाही. टीकाकाराच्या संशयाला सुवार्तेतच आधार आहे, आणि ख्रिस्ती माणसाने त्या संशयाकडे तुच्छतेने पाहण्याचे कारण नाही.

या प्रश्नाचा सर्वांत कठोर तपास ज्या व्यक्तीच्या आयुष्यात झाला ती म्हणजे पंडिता रमाबाई. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी ज्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, त्या रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या मनावर तत्त्वचर्चेपेक्षा एका संस्थेच्या कामाचा परिणाम खोल झाला. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनी लंडनमधील फुलम येथे आश्रम चालवत होत्या, त्यांच्याशी प्रेमाने बोलत होत्या आणि त्यांना नव्याने उभे करत होत्या. अशा स्त्रीसाठी धर्मशास्त्रात दयेची जागाच नाही, असे रमाबाई तोवर पाहत आल्या होत्या. योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांनी ऐकली ती या अनुभवाच्या प्रकाशात. अर्थात कृती आधी दिसली आणि सिद्धान्त मागून आला.

बाप्तिस्म्यानंतर त्या आज्ञाधारक शिष्या बनल्या नाहीत, याचे महत्त्व मराठी वाचकांनी अजून पुरते ओळखलेले नाही. वाँटेजच्या भगिनींपैकी सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात त्रैक्याच्या, म्हणजे एकाच देवातील तीन व्यक्तींच्या, सिद्धान्ताबद्दलच्या शंका त्यांनी निर्भीडपणे मांडल्या. एका पुरोहितवर्गाचे जोखड फेकून दिल्यावर दुसऱ्याचे मानेवर घेणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट कळवले. शाकाहार त्यांनी सोडला नाही. पुढे १८९७ मध्ये प्लेगच्या काळात पुण्यातील सरकारी रुग्णालयात स्त्रियांच्या वाट्याला येणाऱ्या हालांबद्दल त्यांनी वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिले, तेव्हा त्यांच्या टीकेचे लक्ष्य ख्रिस्ती म्हणवणारे सरकार होते. साम्राज्याचा धर्म स्वीकारून त्या साम्राज्याच्या झाल्या, हा आरोप करणाऱ्यांनी हे पत्र विसरू नये.

परंतु रमाबाईंच्या चरित्रातील खरी अडचण १८९३ ची आहे आणि ती टाळून त्यांचा गौरव करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले आणि पुढच्या वर्षी पुण्याला हलवलेले शारदा सदन हे उच्चवर्णीय विधवांसाठी होते, तेथे धर्माबाबत तटस्थता राखण्याचे ठरले होते आणि मुलींना आपापले जातिनियम पाळण्याची मोकळीक होती. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडे ठेवत, आणि काही मुली तेथे येऊन बसत. लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ने यावर झोड उठवली, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. रमाबाईंची बाजू अशी, की त्यांनी कोणावर सक्ती केली नाही आणि आपली प्रार्थना लपवण्याचे बंधनही त्यांच्यावर नव्हते. ती बाजू खरी आहे, पण पुरेशी नाही. ज्या मुलीला जगात दुसरा आसरा नाही तिच्यासाठी आश्रयदात्रीचे उघडे दार हे केवळ दार राहत नाही. त्यात प्रेम असते तशी सत्ताही असते. पालकांची तक्रार या एका मुद्द्यापुरती रास्त होती, आणि निर्हेतुक सेवेचा दावा येथे कोसळतो.

म्हणून प्रश्नाची मांडणीच बदलावी लागते. श्रद्धावंत माणसाचा हेतू शुद्ध आहे की नाही हे बाहेरून कधीच सिद्ध होणार नाही, आणि आतूनही ते क्वचितच कळते. तपासता येते ते एवढेच, की त्या कृतीने करणाऱ्याचे स्वतःचे जगणे काय झाले. या निकषावर रमाबाईंनी पुढे केडगावला उभारलेले मुक्ती सदन हे शारदा सदनाच्या पुढचे पाऊल ठरते. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली आणल्या, १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्ती सदनातील संख्या दोन हजारांच्या जवळ गेली, आणि या मुली बहुतांशी उच्चवर्णीय नव्हत्या. ज्या विदुषीने जातिनियम सांभाळणारे सदन चालवले होते तिला आता सर्व जातींच्या भुकेल्या मुलींना एकत्र राखायचे होते. शेती, विणकाम, छापखाना यांतून त्या मुली कामाला लागल्या. अंध मुलींसाठी आणि पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी स्वतंत्र विभाग झाले. हिब्रू आणि ग्रीकवरून रमाबाईंनी साध्या मराठीत केलेले बायबल याच मुलींच्या हातांनी जुळवले आणि छापले गेले. असाच बदल दुसऱ्या एका मराठी ख्रिस्ती स्त्रीनेही नोंदवला आहे: लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आपल्या मनातली जात कशी गळून पडली ते सांगितले आहे. ते परिवर्तन १९०० मधल्या त्यांच्या बाप्तिस्म्याच्या आधीचे आहे आणि त्याचे ठिकाण पाणी आणि अन्न हेच होते. श्रद्धा कुठे घडते याचा यापेक्षा नेमका पुरावा मराठी साहित्यात नाही.

येथे डॉ. आंबेडकरांचा आक्षेप उभा राहतो, आणि तो लोकमान्य टिळकांच्या आक्षेपाहून कितीतरी जड आहे. ख्रिस्ती मिशनांच्या शिक्षण आणि आरोग्याच्या कामाची त्यांना जाण होती. तरीही त्यांचे म्हणणे असे, की मिशनांचा पैसा आणि शक्ती मोठ्या प्रमाणावर वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च झाली, धर्मांतरित अस्पृश्याला त्याच्या दुःखाचे मूळ त्याच्या पापात शोधायला शिकवले गेले, समाजरचनेत नव्हे, आणि म्हणून भारतीय ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध लढायला उठला नाही. सेवा केली पण रचनेला हात लावला नाही, असा या आक्षेपाचा गाभा आहे. हेतूवर संशय घेणाऱ्याला उत्तर देता येते. याला उत्तर देण्यासाठी चर्चलाच बदलावे लागते.

हा बदल किती अपुरा आहे ते एका कायदेशीर लढ्यातून दिसते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती दलितांचा झाला नाही. हा दर्जा मिळावा अशी मागणी करताना ख्रिस्ती संघटना न्यायालयात आणि सरकारपुढे सांगतात, की धर्म बदलला तरी जात सुटत नाही. मागणी न्याय्य आहे. पण ती करणाऱ्यांनी त्याच श्वासात स्वतःविरुद्ध साक्ष दिलेली असते, कारण जात सुटत नसेल तर ती चर्चच्या बाकांवर, दफनभूमीत आणि लग्न ठरवताना होणाऱ्या चौकशीतही सुटलेली नाही. कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ मध्ये दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर करून हे अंशतः मान्य केले; हैदराबादचे अँथनी पूला २०२२ मध्ये कार्डिनल झाले आणि त्या पदावर पोहोचलेले ते पहिले दलित ठरले. सरकारकडे दर्जा मागणाऱ्या निवेदनावर सही करणाऱ्या प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या पंचकमिटीत, शाळेच्या प्रवेशात आणि नेमणुकांत दलित ख्रिस्ती किती आहेत हे त्याच निवेदनासोबत जाहीर केले, तर आंबेडकरांच्या आक्षेपाला उत्तर देण्यास कोठून सुरुवात करायची हे कळेल, आणि तो आकडा लिहिताना ज्याचा हात थांबेल त्याला रमाबाईंनी शारदा सदनापासून केडगावपर्यंत काय मागे सोडले तेही कळेल.