विश्वास आणि विषाद

गोपनीय सरकारी माहिती हाताळण्याच्या परवानगीला अमेरिकेत ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’ म्हणतात. ती देताना अर्जदाराच्या पूर्ववर्तनाबरोबर त्याच्या मनाचीही चौकशी होते आणि तेथेच हा प्रशासकीय प्रश्न तात्त्विक होतो, कारण हा निर्णय म्हणजे घडलेल्या अपराधाचा न्याय नसून अद्याप न घडलेल्या गोष्टीविषयीचा अंदाज असतो. अशा परवानगीवर कोणाचाही हक्क पोहोचत नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली ईगन खटल्यात सांगितले. फौजदारी न्यायात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, तर येथे तो राष्ट्रीय सुरक्षेच्या पदरात पडतो.

अंदाज जेथे निर्णायक ठरतो, तेथे त्या त्या काळाची भीतीही निदानाचे रूप घेऊ शकते. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या १९५३ च्या आदेशात मनोविकाराबरोबर ‘लैंगिक विकृती’चाही उल्लेख होता आणि त्या शब्दाच्या आधारे कित्येक समलैंगिक कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. १९७३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता विकारांच्या यादीतून वगळली, तेव्हा माणसे तीच होती, बदलली होती ती यादी. हा अन्याय केवळ चुकीच्या माहितीतून झाला असे म्हणणे अपुरे आहे, कारण माणसाच्या वागण्याऐवजी त्याच्यावरचा शिक्का वाचण्याची सवय या अन्यायाच्या मुळाशी होती.

केवळ समुपदेशन घेतले म्हणून प्रतिकूल निष्कर्ष काढू नये, हे तत्त्व १९९५ च्या आदेशात आले आणि २०१७ पासून लागू असलेल्या निकषांतही ते कायम आहे. तरीही अर्जातील मानसिक आरोग्याविषयीच्या एकविसाव्या विभागापाशी, ‘होय’ आणि ‘नाही’ या दोन चौकटींसमोर, अनेकांचा हात थबकतो. इराक व अफगाणिस्तानातून परतलेले सैनिक नोकरी जाण्याच्या धास्तीने उपचार टाळत असल्यामुळेच युद्धजन्य ताणासाठी घेतलेले समुपदेशन कळवण्याची अट २००८ मध्ये काढावी लागली. कबुलीला शिक्षा देणारी व्यवस्था निरोगी माणसे निवडत नाही, ती दुखणे लपवणारी माणसे घडवते; आणि जो आपले दुखणे लपवतो, त्याच्यावर दबाव आणणे परक्याला अधिक सोपे जाते.

दुखणे बोलून दाखवण्याकडे वेगळ्या नजरेनेही पाहता येते. गीतेच्या पहिल्या अध्यायाला परंपरेने ‘अर्जुनविषादयोग’ म्हटले आहे, म्हणजे गांडीव हातातून गळणाऱ्या योद्ध्याच्या खचण्यालाही योगाची पदवी दिली आहे. अर्जुन आपली अवस्था सारथ्यापासून दडवत नाही आणि ती बोलून दाखवतो म्हणूनच पुढचा संवाद शक्य होतो. विश्वासार्हता मनाच्या अविचलतेत शोधण्यापेक्षा स्वतःच्या मनाशी असलेल्या प्रामाणिकपणात शोधणे अधिक योग्य, असे यावरून म्हणता येते.

तथापि या भूमिकेला एक खरी अडचण आहे. अर्जात नावानिशी विचारल्या जाणाऱ्या द्विध्रुवी विकारात, म्हणजे उन्माद आणि नैराश्य यांचे झटके येणाऱ्या आजारात, उन्मादाच्या काळी रुग्णाला आपण आजारी आहोत हेच पुष्कळदा उमगत नाही. मग प्रामाणिकपणा कामाला येणार कसा? तो आधीच्या शांत दिवसांत कामाला येतो. असा आजार असलेला नवरा रात्री तीनलाही जागाच आहे, हे पत्नीला त्याच्या आधी कळते, आणि अशा वेळी तिचे ऐकायचे, डॉक्टरांकडे जायचे, हे त्याने बऱ्या दिवसांतच ठरवून ठेवलेले असते. नियमित उपचार आणि तज्ज्ञाचा अनुकूल अभिप्राय यांना आजचे निकष महत्त्व देतात ते रास्तच आहे. पण पत्नीला दिलेला तो शब्द नोंदवायला अर्जात रकाना नाही, तेथे उपचारांच्या तारखा आणि डॉक्टरांचा पत्ता विचारला जातो.