देणाऱ्याचा हक्क किती?

गांवांतील एखादें मूल रक्ताच्या कर्करोगासारख्या दुखण्यानें पडलें, म्हणजे त्याच्या उपचारासाठीं मदतीची सभा भरते. गायन होतें, भाषणें होतात, भोपळा, कोंबडी, पायलीभर जोंधळे यांचा लिलाव होतो, आणि ज्याच्या घरांत दोन दिवसांचें पीठ नाहीं तोहि कनवटीची नोट काढून देतो. हें आपल्या गांवांचें भूषण आहे. त्यास उणेपणा आणावा हा आमचा हेतु नाहीं. तथापि अशा प्रसंगीं एक प्रश्न उत्पन्न होतो, व त्याचा विचार सभा भरण्यापूर्वींच व्हावा असें आम्हांस वाटतें. पैसे देणाऱ्यास त्या मुलावर व त्याच्या आईबापांवर कोणता हक्क प्राप्त होतो?

हा हक्क कोणी तोंडानें मागत नाहीं. तो वागणुकींत दिसतो. मुलास व्यासपीठावर आणून बसवितात. वक्ता त्याच्या केस गेलेल्या डोक्याकडे बोट दाखवून त्याच्या यातनांचें वर्णन करितो, आणि लोकांचे डोळे पाणावल्यावर झोळी फिरते. पुढें महिन्याभरानें त्याची आई नवें लुगडें नेसलेली दिसली, कीं चारचौघांत कुजबूज होते कीं, हें आमच्याच पैशांचें असावें.

याचें समर्थन करणारे म्हणतात कीं, प्रत्यक्ष पाहिल्यावांचून माणसाचा हात खिशाकडे जात नाहीं. मुलाचा जीव वांचत असेल, तर थोड्याशा संकोचाची काय मातब्बरी? हा आक्षेप हलका नाहीं. पैसे न जमल्यामुळें उपचार थांबले, तर राखलेली लाज त्या मुलाच्या काय कामाची? म्हणून त्याचें उत्तर घडलेल्या गोष्टीवरूनच दिलें पाहिजे.

अमेरिकेंतील बोस्टन शहरीं डॉक्टर सिडनी फार्बर हे मुलांच्या कर्करोगावर औषधोपचार शोधीत होते. त्यांच्या कार्यासाठीं २२ मे १९४८ रोजीं रेडिओवर एक कार्यक्रम झाला. त्यांत बारा वर्षांच्या एका रोगी मुलाच्या खाटेभोंवतीं शहरांतील नामांकित बेसबॉल खेळाडू जमले, आणि त्यांचें संभाषण देशभर ऐकूं गेलें. परंतु मुलाचें खरें नांव सांगितलें नाहीं. त्यास ‘जिमी’ म्हटलें. श्रोत्यांनीं ना त्याचें तोंड पाहिलें, ना त्याच्या घराचा पत्ता विचारला. तरीहि त्या वर्षीं २,३१,००० डॉलरांहून अधिक रक्कम जमली. पुढें बहुतेकांचा समज झाला कीं, तो मुलगा केव्हांच वारला असावा. पन्नास वर्षांनीं, १९९८ सालीं, त्याची ओळख जगास कळली. मेन प्रांतांतील शेतकरी घराण्यांतला आयनर गुस्ताफसन तो हाच. ट्रक चालवून त्यानें आपला संसार केला होता. २००१ सालीं तो वारला. लोकांनीं त्यास पैसे दिले होते, आणि त्याचें नांव त्याच्यापाशींच राहूं दिलें होतें. त्यामुळें तो चारचौघांसारखा जगला.

ही गोष्ट आज अधिकच महत्त्वाची झाली आहे. १९४८ सालीं असें दुखणें म्हणजे बहुधा मृत्यूच. आज मुलांत अधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगास चांगल्या केंद्रांत वेळेवर व पुरे उपचार मिळाले, तर बहुसंख्य मुलें बरीं होतात. म्हणजे ज्यास आज आपण व्यासपीठावर बसवितों, तें मूल उद्यां याच गांवांत शाळेंत जाईल, लग्न करील, चावडीवर चार माणसांत बोलेल. त्याच्याविषयीं आज जें बोललें जाईल, तें त्यास जन्मभर वागवावें लागेल. शिवाय ह्या रोगाच्या औषधांनीं शरीराची रोगाशीं झुंजण्याची शक्ति क्षीण होते. गर्दींत आलेला साधा ताप अशा मुलाच्या जिवावर बेतूं शकतो. म्हणून सभेंत मुलास आणूं नये. डॉक्टरांचें पत्र, आईबापांची संमति आणि विश्वासू माणसांची समिति एवढें लोकांपुढें ठेवावें. मुलास समज आली असेल, तर काय सांगावें हें त्यालाहि विचारावें.

मग देणाऱ्यास कांहींच हक्क नाहीं काय? एक आहे, आणि तो पुरा आहे: हिशेबाचा. किती जमले, कोणाच्या हातीं आहेत, कशावर खर्च झाले, हें दर महिन्यास फळ्यावर लिहिलें जावें. पण हा हिशेब समितीनें द्यावयाचा आहे. त्या आईनें पाणवठ्यावर द्यावयाचा नाहीं.

येथें दुसरी एक गैरसमजूत आहे. “आम्ही औषधास दिले, आणि हीं माणसें भाड्यास खर्चितात,” असें म्हटलें जातें. वस्तुतः महाराष्ट्रांत महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखालीं नेमलेल्या रुग्णालयांत उपचारांचा मोठा भार सरकार उचलतें. परंतु हे उपचार दोन-अडीच वर्षें चालतात. तेवढा काळ मुंबईस खेपा घालणें, तेथें खोली करून राहणें, बापाची बुडालेली मजुरी, घरीं मागें राहिलेल्या भावंडांचें पोट, हें सर्व त्यांत भरून निघत नाहीं. ह्याच ओझ्याखालीं कित्येक आईबाप उपचार अर्ध्यावर सोडून परततात, आणि बरें होऊं शकणारें मूल हातचें जातें. तेव्हां एस. टी.चें तिकीट व खोलीचें भाडें हाहि औषधाचाच भाग होय. म्हणून एका रात्रीच्या मोठ्या रकमेइतकीच, दर महिन्यास न चुकतां येणारी लहान रक्कमहि मोलाची आहे. सभेचा उत्साह ओसरल्यावर येणारा अठरावा महिना कोण सांभाळणार, हें पहिल्याच दिवशीं ठरवावें.

शेवटीं एक कठीण गोष्ट. सर्व करूनहि मूल वारलें तर? आपले पैसे फुकट गेले असें कोणी म्हणूं नये. ते पैसे उपचारासाठीं दिले होते, आणि उपचार झाले. मूल जगण्याची हमी आईबापांनीं कोणास दिली नव्हती. उरलेल्या रकमेचें काय करावें, हा विषय शोक चालू असतां त्यांच्या दारीं नेणें क्रूरपणाचें आहे. तो आधींच लिहून ठेवावा: अंत्यविधीचा खर्च व घरावर झालेलें कर्ज प्रथम फेडावें, आणि त्यावर कांहीं उरल्यास तें पुढच्या आजारी मुलासाठीं ठेवावें.

ज्या गांवीं अशी सभा भरावयाची असेल, तेथील पंचांनीं हे चार नियम कागदावर उतरून सभेच्या आरंभींच मोठ्यानें वाचावे, आणि मग झोळी फिरवावी.