शिकाऊ हात

दिवाळीच्या दिवसांत दातांची आठवण काढणे म्हणजे लग्नघरात सुतकाची गोष्ट काढण्यासारखे आहे. ताटात चकली, कडबोळी आणि बेसनाचे लाडू असावेत, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी चकलीचा तुकडा चहात बुडवून खावा. ते केवळ चवीसाठी तसे करतात, असे आपण सारे मोठ्या सौजन्याने मानून चालतो. तरीही आज मला दातांविषयीच बोलायचे आहे. कारण ज्या प्रश्नाने वर्षभर माझा पिच्छा पुरवला आहे, तो गेल्या दिवाळीत आमच्या बोईसरच्या घरी अशाच एका फराळाच्या ताटाभोवती निघाला.

माझी पुतणी मुंबईच्या एका दंतमहाविद्यालयात शिकते. तेव्हा ती शेवटच्या वर्षाला होती. सुटीत आली आणि लाडवाचा पहिला घास घेण्याआधीच म्हणाली, "काका, मला पेशंट हवेत."

आम्ही हसलो. पण ती गंभीर होती. या अभ्यासक्रमात नुसती पुस्तके पाठ करून भागत नाही. इतक्या दाढा काढल्या, इतके दात भरले, इतक्या कवळ्या बसवल्या, असा हिशेब वहीत लिहून, शिक्षकांची सही घेऊन पुरा करावा लागतो. रोगी आपणहून आले तर ठीक, नाहीतर विद्यार्थ्याने ते शोधून आणायचे. कोणी शेजाऱ्याला नेतो, कोणी गावाकडच्या आजोबांना. कोणी तर रोग्याचे गाडीभाडे स्वतःच्या खिशातून भरतो. पुतणीच्या वहीत दाढा कमी पडत होत्या.

मग त्या ताटाभोवती एक मौज झाली. माझ्या वहिनींना आपले दात ठणठणीत असल्याचा एकाएकी साक्षात्कार झाला. एका पाहुण्यांचे "डॉक्टर ठरलेले" होते. माझी स्वतःची खालची एक दाढ दोन महिने किडून ठणकत होती. मी ती जीभेने चाचपली आणि गप्प बसलो. इतकेच नव्हे, तर मीच तोडगा सुचवला, "आपल्या मावशींची दाढ दुखते आहे ना? त्यांना घेऊन जा. फुकटात काम होईल त्यांचे."

मावशी म्हणजे आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाई, जवळच्याच एका वारली पाड्यावरच्या. दाढ दुखली की तिथे मिश्री दाबून धरायची, हा त्यांचा अनेक वर्षांचा उपाय. माझी सूचना सर्वांना एकदम पटली. तिच्यात परोपकारही होता आणि सोयही होती. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. दाढ ठणकत होती हे एक कारण झाले. दुसरे असे की, मी कोणता सौदा केला ते अंधारात स्पष्ट दिसू लागले. माझ्या पुतणीचा हात तयार व्हावा ही माझी इच्छा, आणि तो तयार होईपर्यंत त्याखाली तोंड उघडायचे मावशींनी.

हात शिकल्यावाचून तयार होत नाही, हे तर उघडच आहे. एके काळी तो भर जत्रेत शिकत असे. ज्याच्या हाती चिमटा तो दंतवैद्य, आणि ज्याचे नशीब फुटके तो रोगी. दातांचे शास्त्र शिकवणारे जगातले पहिले महाविद्यालय अमेरिकेत बाल्टिमोरला १८४० साली निघाले. आपल्याकडे डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी कलकत्त्याला ते १९२० मध्ये काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय १९३३ चे, आणि सरकारी १९४५ चे. १९४८ साली दंतवैद्यांचा कायदा झाला. या साऱ्या खटाटोपाचा अर्थ एका वाक्यात सांगायचा तर असा: शिकाऊ हात एकटा सोडायचा नाही, त्याच्या खांद्याशी एक जाणता डोळा उभा करायचा.

पुतणीने मला या शिक्षणाच्या पायऱ्या सांगितल्या, तेव्हा मला त्यांचे मोठे अप्रूप वाटले. पहिल्या वर्षी मुले मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरतात, अगदी गणपतीच्या कारखान्यातल्या पोरांसारखी. प्रत्येक दाताचा उंचवटा आणि खळगा बोटांना पाठ व्हावा लागतो. मग येते एक नकली मुंडके. त्याला ती मुले "फँटम हेड" म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ते दंतविद्यार्थ्यांची सोबत करीत आले आहे. त्याच्या जबड्यात प्लास्टिकचे दात बसवायचे आणि कोरायला शिकायचे. आता त्याहून पुढची यंत्रे आली आहेत. पडद्यावर दात दिसतो, हातातल्या दांडीला त्याचा कठीणपणा आणि किडीचा मऊपणा खऱ्यासारखा जाणवतो, आणि चुकून किती जास्त कोरले याचा हिशेब यंत्रच मांडून दाखवते. तोंडात लगदा भरून माप घेण्याऐवजी दातांवरून प्रकाशाची कांडी फिरवली की त्यांचे चित्र उमटते. हजार चुका यंत्रावर होऊन जाव्यात आणि माणसाच्या वाट्याला कमी याव्यात, हा या बदलातला खरा पुण्याचा भाग. ज्यांना या यंत्रांचे कौतुक नाही त्यांनी आपली दाढ जत्रेतल्या चिमट्याची आठवण करून पाहावी.

पण नकली मुंडके कितीही शहाणे केले तरी ते "आई गं" म्हणत नाही. त्याची जीभ मध्ये येत नाही, त्याला उबळ येत नाही, भीतीने त्याचा हात खुर्चीच्या दांडीवर आवळत नाही. यंत्रावर हजार दात कोरून झाल्यावरही एक दिवस उजाडतोच, जेव्हा समोर पहिले माणूस बसते. त्या पहिल्या माणसाला कोणतेही यंत्र टाळू शकत नाही. फार तर त्याचा धोका कमी करते. आणि माझा प्रश्न तिथेच सुरू होतो. ते पहिले माणूस कोण?

या धंद्याच्या इतिहासात या प्रश्नाचे एक फार सुंदर उत्तर आहे. अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावी होरेस वेल्स नावाचा दंतवैद्य होता. १८४४ च्या डिसेंबरात त्याने हसवणाऱ्या वायूचा एक खेळ पाहिला, आणि त्या गुंगीत माणसाला जखमेची वेदना कळत नाही हे त्याच्या ध्यानी आले. दुसऱ्या दिवशी तो स्वतः खुर्चीवर बसला, वायू घेतला आणि आपलीच दाढ दुसऱ्या दंतवैद्याकडून उपटून घेतली. पुढे बॉस्टनला भरसभेत त्याचा प्रयोग फसला, रोगी ओरडला, लोकांनी त्याची टर उडवली. यश १८४६ मध्ये ईथर वापरणाऱ्या मॉर्टनला मिळाले, तोही दंतवैद्यच. पण मला थोर वाटतो तो वेल्स. त्याच्या मनात पहिले माणूस कोण, याविषयी क्षणभरही गोंधळ नव्हता.

कोणी म्हणेल, शिकाऊ हाताचा धोका फक्त विद्यार्थ्यांपाशी. अनुभवी डॉक्टर गाठला की प्रश्न मिटला. तेही खरे नाही. शिकागोच्या जी. व्ही. ब्लॅक या थोर आचार्याने १९०८ साली दात कसा कोरून भरावा याचे शास्त्र पद्धतशीर मांडले. कीड पुन्हा लागू नये म्हणून आसपासचा निरोगी भागही कोरून घ्यावा, असे त्याचे सांगणे होते. त्या काळचे मसाले दाताला चिकटत नसत, म्हणून त्याला कारणही होते. पिढ्यानपिढ्या विद्यार्थी तेच शिकले. आज दाताला चिकटणारे मसाले आले आहेत, आणि शिक्षक सांगतात की, निरोगी दाताचा कणही वाया घालवू नका. म्हणजे आमच्या वाडवडिलांचे दात कोरणारे नामांकित हातदेखील एका अर्थी शिकतच होते. विद्या अशी सतत माणसांच्याच तोंडात शिकत आली आहे. तेव्हा माणसावर शिकणे हे पाप नव्हे. पाप असेल तर ते नेहमी त्याच माणसांवर शिकण्यात आहे, आणि त्यांना ते न सांगण्यात आहे.

आणि ती माणसे कोणती, हे पालघर जिल्ह्यात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. हा जिल्हा कागदावर जन्मला तो २०१४ साली, पण मुंबईला देण्याची त्याची सवय जुनी आहे. मुंबईच्या तबेल्यांना इथले गवत गेले, नळांना वैतरणेचे पाणी गेले. तारापूरची वीज १९६९ पासून दूरदूरच्या दिव्यांत जळते आहे. आता गाडीत बसून आमचे किडलेले दातही चालले. त्यांवर तयार झालेले हात मग कुठे जातात? जिथे फी मिळते तिथे. ज्या बाईच्या दाढेवर हात तयार झाला, तिच्या पाड्याकडे तो परत वळतोच असे नाही.

इथे मला याच जिल्ह्यातली एक गोष्ट आठवते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारल्यांची मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी ती कुरणात नेली. त्या बायाही शिकतच होत्या. आदिवासी मुलाला कसे शिकवावे, हे कोणत्या पुस्तकात लिहिलेले होते? ते त्यांना त्या मुलांनीच शिकवले. पण शिकून झाल्यावर अनुताई निघून गेल्या नाहीत. १९९२ साली त्यांचे निधन झाले तोवर त्यांचे नाते त्या टेकडीशीच राहिले. दुसऱ्याच्या मुलाबाळांवर शिकलेल्या विद्येचे ऋण असेही फेडता येते.

असो. गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या आठवड्यात पुतणी, मावशी आणि मी अशी तिघे पहाटेच्या गाडीने मुंबईला निघालो. मी बरोबर गेलो तो मनाच्या टोचणीने. खुर्चीवर बसल्यावर मावशींनी तोंड उघडले नाही. त्यांनी माझ्या पुतणीकडे पाहून शांतपणे विचारले, "ताई, आजवर किती दाढा काढल्यास तू?"

हा प्रश्न आमच्यापैकी एकानेही तिला विचारला नव्हता. पुतणी लाल झाली. तिने शिक्षिकेकडे पाहिले, मग मावशींकडे पाहिले, आणि म्हणाली, "तुमची सातवी, मावशी. मॅडम माझ्याजवळ उभ्या राहतील. तुम्हाला नको असेल तर त्याच काढतील."

मावशींनी थोडा विचार केला. "खरं सांगितलंस," त्या म्हणाल्या. "काढ मग तूच. पण हळू." आणि त्यांनी तोंड उघडले.

दाढ नीट निघाली. मला मात्र त्या दोन वाक्यांत सारे नीतिशास्त्र ऐकल्यासारखे वाटले. तोवर आम्ही मावशींचे तोंड परस्पर देऊन टाकले होते. त्या क्षणी ते त्यांनी स्वतः दिले. दाढ तीच, हात तोच, पण मधला व्यवहार बदलला. आधी ती सोय होती, आता ते दान झाले. आणि दान घेणाऱ्याच्या माथी ऋण येते.

मावशी कापूस दाबून बाकावर बसल्यावर मी पुतणीला माझी दाढ दाखवली. तिला आश्चर्य वाटले. घरी मी गप्प का होतो, हे मात्र तिने विचारले नाही. ती दाढ भरायला तिला दीड तास लागला. सुन्न करण्याचे इंजेक्शन पहिल्यांदा नीट लागले नाही, दुसऱ्यांदा द्यावे लागले, आणि मधल्या वेळात मला नक्षत्रे दिसली हे मी लपवीत नाही. पण तीन वेळा शिक्षिका येऊन पाहून गेल्या, आणि दर दोन मिनिटांनी एक घाबरा आवाज विचारीत होता, "काका, दुखतंय का?" वीस वर्षे मुरलेल्या हाताने मला असे कधी विचारले नव्हते. शिकाऊ हातापाशी एक गोष्ट असते, जी शिकल्यावर बहुधा हरवते. ती हरवू नये एवढे शिक्षण देणारे यंत्र अजून निघालेले नाही.

परतीच्या गाडीत मावशी आणि मी समोरासमोर बसलो होतो. दोघांचेही ओठ सुजलेले. दोघांनाही नीट बोलता येईना, म्हणून दोघेही हसलो.

आता पुतणीची परीक्षा झाली आहे आणि इंटर्नशिपचे वर्ष चालू आहे. त्यात काही काळ खेड्यापाड्यांत, शाळांत, शिबिरांत जावे लागते. पुढचा विचार मात्र मुंबईतच दवाखाना काढण्याचा चालला आहे, असे कानावर येते. तिला दोष कसा द्यावा? खुर्ची, यंत्रे, जागा, सारे कर्जाने घ्यायचे. पाड्यावर कर्ज फिटत नाही.

परवा मावशी भांडी घासता घासता म्हणाल्या, "गुरुजी, ताई दिवाळीला येईल ना? आमच्या पाड्यावर दोघींच्या दाढा दुखतात." मग जरा थांबून म्हणाल्या, "आता शिकली ना ती. आता पैसे घेईल का?"

मी "विचारतो" म्हणालो. उद्या ती येईल, फराळाला बसेल. लाडवाचा पहिला घास तिने घेतला की, हा प्रश्न मला तिला विचारायचा आहे.